एक्स-रेच्या पाकिटातली चिठ्ठी

"दुखत होतं असं नको सांगूस. किती वाजता दुखायला लागलं ते सांग."

"जेवण आलं तेव्हा."

"आणि जेवण किती वाजता आलं?"

"घड्याळ कुठं होतं बाई तिथं?" शिवणवालीनं डाव्या हातानं कपाळ पुसलं. "समोरच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांना भेटायला मुलगा आला होता. मी ओरडायला लागले तसा तो उठला. म्हणाला, ही बाई काही गप्प बसत नाही, मी उद्या येतो."

"भेटायची वेळ चार ते पाच. म्हणजे चारनंतर तू ओरडत होतीस. हे असं सांगायचं!" तारीखबाईंनी पेन्सिलीनं लिहून घेतलं आणि दुसरा कागद पुढे ओढला. "आता हॉस्पिटलचा कागद काय म्हणतो बघ. चार वाजता रुग्ण शांत, बोटं हलतात, रंग ठीक. पाच वाजता रुग्ण शांत, बोटं हलतात. सहा वाजता तेच. इतकी शांत बाई मी तरी जन्मात पाहिली नाही."

शिवणवाली हसली नाही. हे पान तिनं पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हा ती याच खुर्चीत बसून ढसाढसा रडली होती. सगळ्या ओळी एकाच पेनानं, एकाच तिरकेपणानं, एका बैठकीत लिहिलेल्या. तासातासानं उठून कुणी लिहिलं असतं तर अक्षर कुठं तरी दमलं असतं. हे तारीखबाईंनी दाखवलं होतं, वकिलांनी नाही.

वकिलाचं हे ऑफिस अपघाताच्या आणि हॉस्पिटलातल्या हलगर्जीपणाच्या दाव्यांचं. दोन खोल्या, तीन कपाटं, आणि कपाटांत माणसांचे मोडलेले हातपाय कागदाच्या रूपानं. तारीखबाई इथं एकतीस वर्षांपूर्वी आल्या त्या झाडू मारायला आणि चहा करायला. सातवीपर्यंत शिकलेल्या. पण धान्य निवडताना खडा बरोबर बोटाला लागावा तसा कागदातला खोटेपणा त्यांच्या बोटाला लागायचा. मोठ्या वकीलसाहेबांनी ते ओळखलं आणि झाडू दुसऱ्याच्या हातात गेला. तेव्हापासून कुठलीही केस आली की हॉस्पिटलचा गठ्ठा आधी त्यांच्या टेबलावर. घड्याळाच्या क्रमानं कागद लावायचे, आणि सगळ्यात आधी शेवटची तारीख काढून भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर लाल शाईनं लिहायची.

कारण या धंद्यात सगळं त्या तारखेवर चालतं. दुसऱ्याच्या चुकीनं आपलं नुकसान झालं, हे माणसाला ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून दोन वर्षं. त्या दोन वर्षांत दावा दाखल झाला नाही तर दार बंद. मग हात गेलेला असो, डोळा गेलेला असो, कोर्ट विचारत नाही. माणूस रडतो किती ते कोर्टाला दिसत नाही, तारीख तेवढी दिसते. एकतीस वर्षांत तारीखबाईंची एक तारीख चुकली नव्हती. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या चालल्या की इतर वकिलांचे कारकून बाजूला सरकायचे, आणि त्यांना ते आवडायचं. का आवडू नये? फुकट मिळालेलं नव्हतं.

शिवणवालीची केस तशी सरळ होती. कापडाचा गठ्ठा काढताना ती स्टुलावरून पडली आणि उजवा हात मोडला. हॉस्पिटलनं प्लास्टर घातलं, ते घट्ट. ती दिवसभर ओरडली, बोटं निळी पडली, कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लास्टर कापलं तोवर हाताचं मांस आतल्या आत मेलं होतं. बोटं पक्ष्याच्या पंजासारखी आत वळली ती वळलीच. घरी जाताना हॉस्पिटलनं सांगितलं, व्यायाम करा, सुटेल. तिनं चार महिने चेंडू दाबला. सुटलं नाही. मग मोठ्या इस्पितळानं तपासून छापील अहवाल दिला की हे प्लास्टरमुळे झालं. अहवालावर तारीख एकवीस. भिंतीवर तारीख एकवीस, बरोबर दोन वर्षांनंतरची. पुढची सगळी धावपळ हॉस्पिटलकडून कागद काढण्यात आणि हॉस्पिटलविरुद्ध मत द्यायला तयार होणारा डॉक्टर शोधण्यात गेली. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याचं मत परवा आलं. आज महिन्याची बारा तारीख. दावा अठराला दाखल करायचा, तीन दिवस हातात ठेवून.

"मग व्यायामानं सुटत नाही हे तुला कुणी सांगितलं?" तारीखबाईंनी शेवटचा कागद उचलला. "मोठ्या इस्पितळानंच ना?"

"त्याच्या आधीच की. आमच्या गल्लीच्या टोकाला डॉक्टर होते ना, म्हातारे, आता वारले, दवाखानाही बंद आहे. त्यांनीच तर मोठ्या इस्पितळात पाठवलं. चिठ्ठी दिली होती."

"कुठली चिठ्ठी?"

"तुम्हाला दिलीय की. एक्स-रेच्या पाकिटात होती."

तारीखबाई उठल्या. कपाटातून पिवळं मोठं पाकीट काढलं. एक्स-रे बाहेर घेतला. मग पाकिटात कोपरापर्यंत हात घातला, आणि तळाशी, जिथं पाकीट चिकटवलेलं असतं त्या घडीत, बोटाला कागद लागला.

चिठ्ठी तळहाताएवढी होती. वाकडंतिकडं डॉक्टरी अक्षर, पण तारीखबाईंना असली अक्षरं छापल्यासारखी वाचता यायची. प्लास्टर घट्ट असल्याने हाताचे स्नायू कायमचे निकामी. रुग्णाला समजावून सांगितले. पुढील तपासणीसाठी पाठवत आहे. खाली सही. सहीखाली तारीख. चार.

त्याच महिन्याची. दोन वर्षांपूर्वीची चार.

म्हणजे दार आठ दिवसांपूर्वीच बंद झालं होतं.

"सापडली ना?" शिवणवाली म्हणाली.

"सापडली." तारीखबाईंनी चिठ्ठी पालथी ठेवली. "आज पुरे. उद्या अकराला ये. एकटी येऊ नकोस, घरचं कुणी तरी आण."

"का हो, काही कमी आहे का?"

"उद्या ये म्हटलं ना."

ती गेली. तारीखबाई पाण्याचा पेला घेऊन बसल्या आणि प्यायच्या विसरल्या. पाकीट आलं तो दिवस त्यांना लख्ख आठवला. साहेबांची सून नुकतीच वकिली शिकून ऑफिसात आली होती. तिला सगळे सूनवकील म्हणायचे. पोरगी हुशार, पण तिच्या एका वाक्यानं तारीखबाईंना मिरची लागली होती. "मावशी, आता यासाठी कॉम्प्युटरवर सोय असते." झालं. तारीखबाईंनी हाताशी आलेला नवा गठ्ठा ओढला आणि म्हणाल्या, "तुझं मशीन सुरू होईपर्यंत मी तारीख काढून दाखवते." आणि दाखवली. छापील अहवाल, एकवीस, लाल शाई. सूनवकिलीनं टाळ्या वाजवल्या होत्या. छापील तारखेवर जाऊ नका, हातानं लिहिलेली शोधा, प्रत्येक पाकिटात हात घालून बघा, हे एकतीस वर्षं दुसऱ्यांना बजावणाऱ्या बाईनं त्या दिवशी पाकिटात हात घातला नव्हता. टाळ्यांसाठी.

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. साहेब आणि सूनवकील समोरासमोर बसले होते. चिठ्ठी टेबलावर ठेवून तारीखबाई म्हणाल्या, "माझ्याकडून चूक झाली."

सासऱ्यानं चिठ्ठी वाचली, सुनेकडे सरकवली. तिनं वाचली.

"उशीर माफ करा असा अर्ज करता येईल," सूनवकील म्हणाली.

"कारण काय देणार?" साहेब म्हणाले. "आजारपण, पूर, आग, हे चालतं. वकिलाच्या ऑफिसनं पाकीट नीट पाहिलं नाही, हे कारण घेऊन आपणच कोर्टापुढं उभं राहायचं? समोरचा वकील आपल्याला सोलून ठेवील. आणि कोर्ट माफ करीलच असंही नाही."

"हे डॉक्टर कुठं आहेत आता?"

"वारले," तारीखबाई म्हणाल्या. "दवाखाना बंद आहे."

"म्हणजे दुसरी प्रत कुणाकडे नाही." सूनवकील हे हळूच म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर कुणाकडेच बघेना.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. सत्तरीचा माणूस. वाईट नव्हता. वाईट असता तर तारीखबाई एकतीस वर्षं टिकल्या नसत्या. "तारीखबाई," ते म्हणाले, "पाकीट होतं तसं कपाटात ठेवा. उद्या बघू."

होतं तसं. म्हणजे कसं? चिठ्ठीसकट, की चिठ्ठीशिवाय? त्यांनी सांगितलं नाही, आणि तारीखबाईंनी विचारलं नाही. वकील माणूस वाक्य अर्धं सोडतो तेव्हा उरलेलं अर्धं दुसऱ्यानं उचलायचं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी चिठ्ठी उचलली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

घरी नवरा ओट्याशी उभा राहून मटार सोलत होता. विजेच्या मीटरचे आकडे घेण्याची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. कमी बोलायचा. बायको दोघांपुरतं बोलते म्हणायचा.

"माझ्याकडून चूक झाली," तारीखबाई म्हणाल्या. आज दुसऱ्यांदा.

"तुझ्याकडून? घरात तर तू एकही केली नाहीस. लग्न सोडलं तर."

त्या हसल्या नाहीत म्हणून त्यानं मान वळवली. मग शेंगा बाजूला ठेवून हात पुसले. त्यांनी सगळं सांगितलं. आठ दिवस, पाकीट, टाळ्या, साहेबांचं अर्धं वाक्य.

"चिठ्ठी कुठंय?"

"पिशवीत."

त्यानं एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाला, "मी मीटर बघायला जायचो ना, एखाद्या घराला कुलूप असलं की अंदाजानं आकडा टाकायचो. मागच्या महिन्याचा बघून. सगळेच टाकायचे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला?" तो खरोखरच चकित झाला. "तुला कोण सांगेल? तू काय काय बोलली असतीस!"

तारीखबाईंनी तोंड उघडलं, बोलायला. मग मिटलं. चाळीस वर्षं हा माणूस एक साधा आकडा त्यांच्यापासून लपवून बसला होता. कामावरच्या साहेबाला भिऊन नाही, त्यांना भिऊन. आणि त्यांना एकदम पलीकडच्या रस्त्यावरच्या वकीलबाईंचा कारकून आठवला. बारीकसा, जाड भिंगांचा. वीस वर्षांपूर्वी त्याची एक तारीख चुकली होती. तेव्हा तारीखबाईंनी अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "भिंगं आणखी जाड करून घ्या हो, दिवस दिसत नाहीत तुम्हाला." सगळे हसले होते. तो गठ्ठा छातीशी धरून उभा होता. त्यानंतर तो त्यांच्याशी कधी बोलला नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नव्हतं.

"मग काय करणार आहेस?" नवऱ्यानं विचारलं.

"मटार करपतील. आच कमी कर," त्या म्हणाल्या.

"अजून पातेलंसुद्धा ठेवलं नाही गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकराला शिवणवाली आली ती थोरल्या जावेला घेऊन. जाऊ म्हणजे दणकट बाई. आल्या आल्या खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काय ते एकदाच सांगा. ही जेवली नाही कालपासून. हिला घास भरवायला मीच असते, मला माहीत."

तारीखबाईंनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. साहेब आत होते. दार लागताना त्यांनी मान वर केली नाही.

मग त्यांनी पिशवीतली चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सांगितलं. वळणं न घेता. दोन वर्षं कशी मोजतात, चार तारीख म्हणजे काय, एकवीस म्हणजे काय, आणि पाकिटात हात घालायचं काम कुणाचं होतं. "साहेबांचं नाही. त्या पोरीचं नाही. माझं."

जाऊबाई ऐकता ऐकता लालबुंद झाली. "म्हणजे दोन वर्षं आम्ही इथं खेटे घातले ते तुम्ही पाकीट न उघडण्यासाठी? वर आम्हालाच दरडावायचात, वेळ सांग, घड्याळ सांग! तुमचं घड्याळ कुठं होतं?"

"बरोबर आहे," तारीखबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे काय? भांडा तरी!"

"भांडायला माझ्याकडे काही नाही."

शिवणवाली इतका वेळ टेबलावरच्या चिठ्ठीकडे बघत होती. एकदम तिनं डाव्या हातानं ती उचलली. "ही कुणी कुणी पाहिलीय?"

"आपण, साहेब आणि त्यांची सून."

"मग फाडू या ना." तिचा आवाज अगदी साधा होता, उसवलेली शिवण काढून टाकू या म्हणावं तसा. "डॉक्टर गेले. चिठ्ठी माझी, हात माझा. मला एकवीसला कळलं म्हणून मी सांगेन."

"हॉस्पिटलनं रुग्ण शांत असं लिहिलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

"ते माझ्या मुळावर आलेलं खोटं होतं. यानं कुणाचं काय जातंय? त्यांनी माझा हात मारला हे खरंच आहे ना? मग आठ दिवस इकडे की तिकडे, त्यानं ते खोटं होतं का?"

कायदा करणाऱ्यांनी तो शिवणवालीला विचारून केलेला नाही.

शिवणवालीनं चिठ्ठी फाडायला धरली. आणि तिथंच अडलं. कागद फाडायला दोन हात लागतात. उजव्या पंजात तो धरेना, निसटून मांडीवर पडला. तिनं उचलला. मग चिठ्ठीचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं डाव्या चिमटीत. जाऊबाईनं मदतीला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

तारीखबाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. हिसकावून घ्यावी तर त्यांना तो हक्क उरला नव्हता. फाडू द्यावी तर एकतीस वर्षं गेली होती. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, हे लपवून कशाला ठेवायचं, फाट एकदाची असंही आलं.

शिवणवालीनं दात सोडले. चिठ्ठीला कोपऱ्यात दातांचे ठसे उमटले होते.

"त्या दिवशी त्यांनी माझी बोटं धरून सरळ केली," ती म्हणाली. "म्हाताऱ्या डॉक्टरांनी. एकेक करून. आणि सोडली की परत वळायची. तीनदा केलं. मग म्हणाले, पोरी, ही आता नाही सुटायची, तू उगाच चेंडू दाबत बसू नकोस. घरी जाऊन मी मशीनवर चादर घातली." तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. "जाऊबाई, तुम्हीच विचारलं होतं ना, चादर का घातली म्हणून?"

"विचारलं होतं," जाऊ म्हणाली.

"मोठ्या इस्पितळात कागद मिळाला तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. मला कळायचं ते आधीच कळलेलं होतं. एकवीसला कळलं असं शपथेवर कसं सांगू? कुणी नुसतं विचारलं, मशीन कधी झाकलं, तर माझ्या तोंडून चारच येईल." मग तिनं तारीखबाईंकडे पाहिलं. "म्हणजे संपलं का हो सगळं?"

"नाही. एक वाट आहे. तुम्ही दुसरा वकील करायचा. त्यानं कोर्टाला सांगायचं की या बाईला सगळं वेळेवर कळलं, तिनं सगळे कागद वेळेवर दिले, आणि चूक तिच्या वकिलाच्या ऑफिसनं केली. उशीर माफ झाला तर हॉस्पिटलवर दावा चालेल. नाही झाला तर दावा आमच्यावर."

"आमच्यावर म्हणजे?"

"या ऑफिसवर. माझ्यावर."

जाऊबाईनं डोळे बारीक केले. "आपल्याच वकिलावर केस? आणि हे तुम्ही आम्हाला शिकवताय?"

"दुसरं कोण शिकवणार? तुम्हाला तर काही येत नाही," तारीखबाई म्हणाल्या, आणि जुनी धार जिभेवर परत आलेली पाहून स्वतःच ओशाळल्या. पण जाऊबाई त्या दिवसात पहिल्यांदाच, नाइलाजानं का होईना, हसली.

त्या दोघी गेल्यावर तारीखबाई आत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकलं असणार. दार जुनं होतं.

"माझं ऑफिस मोडायला निघालात तुम्ही," ते म्हणाले. रागानं नाही, थकून.

"तुम्ही पाकीट होतं तसं ठेवा म्हणालात, साहेब. मी चिठ्ठीसकट ठेवतेय."

"कागद नीट लावून द्या त्यांना," ते म्हणाले. "अर्धवट काही जाऊ नये इथून."

दुपारभर तारीखबाई बसल्या. सगळी फाईल घड्याळाच्या क्रमानं लावायची, हे त्यांचं नेहमीचंच काम. फक्त हॉस्पिटलचं शेवटचं पान संपलं तिथं त्या थांबल्या नाहीत. कोरा कागद घेतला आणि पुढचा क्रम लिहिला. अमुक दिवशी रुग्णाने सर्व कागद ऑफिसात आणून दिले. त्यात एक्स-रेचे पाकीट होते. कारकुनाने पाकिटात हात घातला नाही. अमुक दिवशी कारकुनाने चुकीची तारीख भिंतीवर लिहिली. अमुक दिवशी रुग्णाने विचारले, उशीर तर होत नाही ना. कारकुनाने सांगितले, घाई करू नकोस. हे शेवटचं वाक्य कुणालाही सापडलं नसतं, ते कुठल्या कागदावर नव्हतंच. शिवणवालीलाही आठवत नसेल. लिहिताना पेन जरा अडलं. मग पुढे गेलं.

सूनवकील पाठीमागे येऊन उभी राहिली होती. "मावशी, टाळ्या मी वाजवल्या होत्या."

"हो ना. म्हणून काय आता त्याही लिहू? जा, टाचण्या आण."

ती टाचण्या घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तारीखबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. एवढं त्यांना कालपासून जमायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या रस्त्यावरच्या वकीलबाईंच्या ऑफिसात तिघी गेल्या. वकीलबाई कोर्टात होत्या. बाहेरच्या टेबलावर जाड भिंगांचा कारकून बसला होता. त्यानं तारीखबाईंना पाहिलं आणि त्याची लेखणी थांबली. वीस वर्षांत त्या या दारात कधी आल्या नव्हत्या.

"नवीन केस आहे," तारीखबाईंनी फाईल ठेवली. "शेवटच्या दोन पानांपासून वाचा."

त्यानं वाचली. सावकाश, बोट ओळीखाली फिरवत. तारीखबाई उभ्याच होत्या. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी बसल्या असत्या की नाही कोण जाणे. तो काय बोलेल याची त्यांनी वाटभर तयारी केली होती. जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, आणि ऐकून घ्यायला काही कमी नव्हतं.

कारकुनानं वाचून संपवलं. भिंगं काढून पुसली. "तुमच्या ऑफिसवरच्या दाव्याची मुदत कधीपासून धरू?" एवढंच त्यानं विचारलं.

"काल सकाळी अकराला मी यांना सांगितलं. तिथून मोजा."

"उशीर माफ होईलच असं नाही."

"ते मी सांगितलंय यांना."

त्यानं वकीलपत्राचा कोरा कागद काढला. शिवणवालीचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग दुसऱ्या रकान्याशी थांबला. तिथं विरुद्ध पक्षाची नावं लिहायची असतात. पहिलं नाव हॉस्पिटलचं. दुसरं साहेबांच्या ऑफिसचं. तिसऱ्यापाशी त्यानं वर पाहिलं. "तुमचं नाव घालायलाच हवं असं नाही. ऑफिसचं आलं की त्यात तुम्ही आलातच."

"घाला," तारीखबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपलं, नवऱ्याचं आणि आडनाव असं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, लिहिणाऱ्याला मागं पडू न देता.

त्यानं लिहिलं. कागद फिरवून शिवणवालीपुढं ठेवला. "इथं सही."

शिवणवालीनं डाव्या हातात पेन धरलं. डाव्या हाताची सही ती अजून शिकत होती. पहिलं अक्षर काढायला लागली तसा कागद पेनाबरोबर सरकला. उजवा पंजा तिनं कागदावर टेकवला, पण वळलेली बोटं नुसतीच वर वर राहिली, दाब येईना. कागद पुन्हा सरकला.

तारीखबाई पुढे वाकल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे कागदाच्या वरच्या कडेवर ठेवले. घट्ट.

"कर आता," त्या म्हणाल्या.

शिवणवालीनं वर पाहिलं नाही. ती एकेक अक्षर काढत राहिली, थांबत, पुन्हा काढत, आणि तारीखबाई कागद हलू न देता वाकून उभ्या राहिल्या.